बॉक्समधला हिरवा स्वेटर

त्या दिवशी मी राखाडी स्वेटर घातला असता तर आज माझी नोकरी शाबूत असती. पण राखाडीच्या कोपराला भोक होतं, आणि बायको म्हणाली, "अहो, एवढ्या मोठ्या लोकांत जाताय, आईनं विणलेला घाला की. दोन वर्षं झाली, अजून घडी मोडली नाहीत." सासूबाईंनी विणलेला तो स्वेटर गडद हिरवा होता आणि छातीवरून एक पांढरा पट्टा गेला होता. (पट्टा सरळ असावा असा सासूबाईंचा हेतू होता.) मी वाद घातला नाही. लग्नानंतर ज्या ज्या वेळी मी वाद घातला नाही त्या त्या वेळी पस्तावलो आहे. घातला तेव्हाही पस्तावलोच, पण ते जाऊ द्या.

मी खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीत मोजमापाचं काम करतो. म्हणजे करत होतो. सभागृह, नाट्यगृह, मैदान, जिथं जिथं माणसं रांगेनं बसतात तिथं टेप घेऊन जायचं, पायऱ्या मोजायच्या आणि किती खुर्च्या बसतील ते सांगायचं. वर्षभर कंपनीला मोठं काम नव्हतं. कारखान्याच्या अर्ध्या भागातले दिवे बंद ठेवले होते आणि जेवणाच्या सुट्टीत साहेब आमच्याकडे अशा नजरेनं बघत जायचे की घास घशाखाली उतरत नसे. तेवढ्यात बातमी आली की शहरातल्या फुटबॉलच्या मैदानावरच्या सगळ्या खुर्च्या बदलायच्या आहेत. साहेबांनी ताबडतोब एका सामन्यासाठी मैदानावरचा बॉक्स भाड्यानं घेतला आणि मैदानाच्या व्यवस्थापकांना आमंत्रण दिलं.

बॉक्स म्हणजे प्रेक्षकांच्या डोक्यावर टांगलेली काचेची खोली. आत गालिचा, हीटर, खाण्यापिण्याचं टेबल. खाली हजारो लोक थंडीत कुडकुडत सामना बघतात आणि वर बॉक्समधली माणसं सामन्याकडे पाठ करून धंद्याचं बोलतात. यजमान अर्थातच साहेब होते. पण आदल्या दिवशी साहेब जिन्यावरून घसरले आणि पाय प्लास्टरमध्ये घालून बसले. मला घरी बोलावलं.

"उद्या तुम्ही जा," ते म्हणाले.

"मी? साहेब, मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही."

"कळायची गरज नाही. ते जे म्हणतील त्याला हो म्हणा. काम मिळालं तर सगळे राहतील. नाही मिळालं तर पहिले तुम्ही. मोजायलाच काही नसेल तर मोजणारा काय करायचाय?"

हे इतकं बरोबर होतं की मला रात्रभर झोप आली नाही.

बॉक्समधल्या खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून मी बायकोला घेतलं आणि भोंग्याला. भोंगा माझा शेजारी, आमच्याच कारखान्यात वेल्डर, आणि वीस वर्षांपासूनचा मित्र. आवाजामुळे नाव पडलेलं. आपल्या शहराच्या लाल संघासाठी तो जीव टाकतो. त्याच्या घरातली बादलीसुद्धा लाल आहे. "बॉक्समध्ये? मला?" एवढं म्हणून तो गप्प झाला, आणि भोंगा गप्प झालेला मी पहिल्यांदाच पाहिला. मग त्यानं डोळे पुसले.

बॉक्सच्या दारावर पाटी होती: फक्त यजमान संघाचे समर्थक. पाहुण्या संघाचे रंग किंवा घोषणा आढळल्यास बॉक्स रिकामा करण्यात येईल. दारातल्या पहारेकऱ्यानं ती आम्हाला मोठ्यानं वाचूनही दाखवली. मी ओव्हरकोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून मान डोलावली. आत हीटर भणभणत होता. मी कोट काढला, आणि भोंग्याच्या हातातला चमचा सूपमध्ये पडला.

"काढ तो!"

"काय?"

"स्वेटर! आज कोणाशी सामना आहे माहीत आहे का तुला? हिरव्यांशी! हिरवा, पांढरा पट्टा! अरे, त्यांचे खेळाडूसुद्धा इतके हिरवे नसतात."

"आत फक्त बनियन आहे रे."

"मग बनियनवर बस!"

"माझ्या आईनं विणलाय तो," बायको शांतपणे म्हणाली. भोंगा गप्प बसला. (त्या सुरापुढे मीही बारा वर्षं गप्पच बसलोय.) मी कोट पुन्हा चढवणार, इतक्यात दार उघडून व्यवस्थापक आत आले.

उंच, गंभीर, इस्त्रीतून नुकताच बाहेर काढल्यासारखा माणूस. कोटावर लाल संघाचा बिल्ला. त्यांनी माझा स्वेटर पाहिला आणि ते जागच्या जागी थबकले. त्यांनी माझा दंड धरून मला कोपऱ्यात नेलं.

"तुम्ही पण?" ते कुजबुजले.

जे म्हणतील त्याला हो म्हणायचं. "हो," मी म्हणालो.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. पण चारचौघांत आज पहिल्यांदाच."

"धाडस आहे हो तुमचं! मी लहानपणापासून. आणि चारचौघांत अजून एकदाही नाही." त्यांचे डोळे भरून आले होते. "माझा जन्म त्यांच्याच गावचा. वडील मला खांद्यावर बसवून सामन्याला न्यायचे. इथं कोणाला माहीत नाही. बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. लाल संघाच्या मैदानाचा व्यवस्थापक हिरवा निघाला तर दुसऱ्या दिवशी घरी बसवतील मला. दरवर्षी या सामन्याला मी आजारी पडतो. यंदा म्हटलं, तुमच्या बॉक्समध्ये कोण ओळखीचं असणार? आणि इथं येऊन बघतो तर आपलाच माणूस!"

त्यांनी माझा हात इतका घट्ट दाबला की मला खरं सांगायची हिंमतच झाली नाही. (तुम्हीही कुठे बोलू नका.)

मग सामना सुरू झाला. भोंगा काचेला नाक लावून ओरडत होता, बायको व्यवस्थापकांना पेस्ट्री वाढत होती, आणि व्यवस्थापक माझ्या शेजारी स्वतःच्या हातांवर बसले होते. लाल संघाला काही जमलं की ते हात काढून दोन टाळ्या वाजवायचे आणि पुन्हा हातांवर बसायचे. मी खुर्च्यांबद्दल बोलत होतो. पाठ किती कलते, घडी कशी होते. ते "हो, हो" म्हणत होते. मला वाटलं, निभावलं.

सामना संपायला आला आणि हिरव्यांनी गोल केला. सगळं मैदान एका क्षणात चिडीचूप झालं. हजारो माणसं, पण कोणी खोकलंसुद्धा नाही. आणि त्या शांततेत आमच्या बॉक्समधून एक आवाज फुटला. "गोऽऽऽल!" इतक्या वर्षांचा कोंडलेला आवाज होता तो. व्यवस्थापकांनी मला मिठी मारली होती. मग आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं. ते सावकाश खाली बसले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

खालच्या रांगांमधली माणसं वर वळून बघत होती. भोंगा काचेपासून वळला. दार उघडून पहारेकरी आत आला.

"कोण ओरडलं?"

व्यवस्थापक गेले की खुर्च्या गेल्या, खुर्च्या गेल्या की कारखाना गेला. त्या वेळी मला कारखान्यातली सगळी माणसं आठवली असं सांगायला आवडलं असतं. खरं म्हणजे मला पहिल्यांदा मीच आठवलो. मी हात वर केला.

"मी."

"अहो, तुम्ही?" बायको म्हणाली. "तुम्हाला गोल झाल्याचं कळलं तरी का?"

पहारेकऱ्यानं माझ्या स्वेटरकडे पाहिलं आणि त्याची खात्री पटली. भोंग्यानंही पाहिलं. मी त्याला डोळ्यांनी खूण केली, पण त्यानं नजर वळवली. "वीस वर्षं," तो म्हणाला. इतक्या हळू आवाजात की मला भोंगा बोलतोय असं वाटेना. "वीस वर्षं माझ्याकडे चहा प्यायलास रे. लाल कपातून."

मी व्यवस्थापकांकडे पाहिलं. निदान ते काहीतरी बोलतील. त्यांनी घसा साफ केला. "शिस्त म्हणजे शिस्त," ते म्हणाले. "यांना बाहेर काढा. बाकीच्यांना बसू द्या, ती माणसं सभ्य दिसतात."

मला मागच्या जिन्यानं खाली नेलं, भिंतीशी उभं करून फोटो काढला आणि बाहेर सोडून दार लावून घेतलं. कोट वरच राहिला होता. थोड्याच वेळात सामना हरलेली हजारो लाल माणसं त्याच रस्त्यानं बाहेर येणार होती, आणि मी आपादमस्तक हिरवा उभा होतो. मी स्वेटर उलटा करून घातला. सासूबाईंचं विणकाम दोन्ही बाजूंनी सारखंच निघालं. मग तो काढून पोटाशी धरला आणि कचऱ्याच्या पिंपांमागे बनियनवर बसून राहिलो. शेवटी भोंग्याचंच ऐकलं म्हणायचं.

गर्दी ओसरल्यावर बायको कोट घेऊन आली. मला पिंपांमागे बघून तिला रडू फुटलं. मलाही फुटलं असतं, पण दात वाजत होते.

"काम मिळालं," ती डोळे पुसत म्हणाली. "त्यांनी तिथूनच साहेबांना फोन लावला."

"आणि भोंगा?"

"एकटेच चालत गेले. मी त्यांना म्हटलं, आमचे हे तसे नाहीत हो. तर म्हणाले, वहिनी, माणूस ओळखता येत नाही."

कामाच्या पहिल्या दिवशी मी टेप घेऊन मैदानाच्या फाटकावर गेलो. फाटकावरच्या माणसानं माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर माझा फोटो होता आणि खाली छापलं होतं: मैदानात प्रवेशास आजन्म बंदी. त्याखाली व्यवस्थापकांची सही.

तेवढ्यात त्यांचीच गाडी आली. मी धावत गेलो. त्यांनी काच खाली केली, आजूबाजूला बघितलं आणि कुजबुजले, "काय गोल होता हो आपला!"

"साहेब, बंदीचं काहीतरी करा. मोजमाप मलाच करायचंय."

"कसं करू? हिरव्या माणसावरची बंदी मी उठवली तर लोक काय म्हणतील? तुम्ही तरी समजून घ्या. आपलेच आहात म्हणून सांगतो."

"पण आजन्म?"

"संघ कधी बदलता येतो का?" ते गहिवरून म्हणाले. मग जरा घुटमळले. "तो स्वेटर कुठं मिळतो? मला एक हवा होता. घरात, दार लावून घालीन."

नोकरी वाचण्याची आशा कुठून येईल सांगता येत नाही. मी तिथंच, फाटकाबाहेर, त्यांना गाडीतून उतरवून टेपनं त्यांच्या छातीचं माप घेतलं. बाह्या मोजत होतो तेव्हा आतून भोंगा आला. साहेबांनी त्याला माझ्या मदतीला आधीच पाठवलं होतं. त्यानं माझ्या हातातून टेप घेतली आणि तो आत निघून गेला. संध्याकाळी साहेबांनी मला बोलावलं. कारखान्यातले सगळे दिवे लागले होते. मैदानात जाता येत नाही असा मोजणारा ठेवून काय करू, असं ते म्हणाले. हेही बरोबरच होतं.

सध्या आमच्या घरात एकाच माणसाला काम आहे, ते म्हणजे सासूबाईंना. मी त्यांच्यासमोर दोन्ही हातांत हिरवी लोकर धरून बसतो. काल पाठीचा भाग विणून झाला. त्यांनी तो वर धरून न्याहाळला, मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"जावईबापू, माप नीट घेतलंत ना?" त्या म्हणाल्या. "नाही, म्हटलं, तुम्हाला कामावरून काढलंय, म्हणजे मोजताना काहीतरी चुकत असणार."