मणी उन्हात नेऊ नयेत

काचेतलं मला सगळं कळतं. चेन्नईतल्या पेरुंगुडीच्या एका वर्कशॉपमध्ये दोन रविवार बसून मी ज्वाळेवर काचेचे मणी करायला शिकलो, आणि दोन रविवारांत माणूस जेवढा तज्ज्ञ होतो तेवढा मी आहेच. म्हणून वाणीच्या आईने, म्हणजे महालक्ष्मीकाकूंनी, "मुलाला हातानं काही येतं का, की नुसतं कंप्युटर?" असं विचारल्यावर मी छातीठोकपणे सांगितलं, "काकू, तुमच्या निळ्या रेशमी पट्टुसाडीला माळ करून आणतो. तंतोतंत तोच रंग!"

माळ पसंत पडली तर माझ्या आणि वाणीच्या लग्नाचं बोलणं सुरू. नाही तर तंजावूरचा एक बँक ऑफिसर तयारच होता.

साडीच्या गोंड्यातला एक दोरा वाणीने मला आणून दिला. माझी मणी करायची जागा म्हणजे बिनखिडकीची खोली, एक एक्झॉस्ट पंखा, एक ट्यूबलाइट. नव्या पारदर्शक काचेच्या कांड्या मी तिथेच उघडल्या, तर निळ्याशार. सोबत सूचनांचा कागद होता. तो मी टेबलाच्या डगमगणाऱ्या पायाखाली घातला. ज्वाळेत काच मधासारखी ओघळली, सळईवर फिरता फिरता गोल झाली. असे चाळीस मणी. दोरा त्यांच्यावर ठेवला, तर तो सापडेचना! मला स्वतःचीच थोडी भीती वाटली.

वेस्ट मांबलममधलं त्यांचं घर तळमजल्यावर. शेजारची इमारत इतकी खेटून, की भर दुपारी ट्यूबलाइट लागते. काकूंनी माळ साडीवर ठेवली, भिंगातून पाहिली आणि म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. रंग पकडला आहे."

मी मनात मुंडावळ्या बांधल्या.

पण जिने चाळीस वर्षांत एकही साडी दुकानाच्या दारात, उन्हात नेऊन बघितल्याशिवाय घेतली नाही, ती मण्यांना का सोडेल? काकू साडी आणि माळ घेऊन फाटकाबाहेर गेल्या.

साडी निळीच राहिली. माळ जांभळी झाली. वांग्याच्या फुलासारखी, फिकट, आतून उजळलेली.

काकू आत आल्या. निळी. बाहेर गेल्या. जांभळी. तिसऱ्या फेरीला वाणीचे वडील, राघोत्तमअप्पा, पेपर ठेवून मागे निघाले. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून ते एवढे चालले नव्हते.  मीही तोंड उघडं टाकून त्यांच्याच मागे फिरत होतो. हे मी केलं होतं आणि मलाच माहीत नव्हतं! ही काच ट्यूबलाइटखाली निळी आणि उन्हात जांभळी दिसते, हे टेबलाच्या पायाखालच्या कागदावर लिहिलं होतं; तो मी त्या रात्री वाचला.

शेवटी काकू उंबऱ्यात थांबल्या. "अशी काच मी जन्मात पाहिली नाही," त्या हळूच म्हणाल्या. "पण घरात एक, बाहेर एक. करणाराही तसाच असला तर?"

"काकू, मी सगळीकडे सारखाच."

"बघू की."

मला फाटकाबाहेर उभं केलं. मे महिना, दुपारचे दोन. साडीला पाच मिनिटं पुरतात. माणसाला, काकूंच्या मते, अर्धा तास. मी प्रामाणिक दिसायचा प्रयत्न करत उभा राहिलो. मग मला ट्यूबलाइटखाली आणलं. वाणीने तोंडावर ओढणी धरली. अप्पांनी भिंग मागितलं.

"हा तर लाल झाला," ते म्हणाले.

काकूंनी मला पुन्हा फाटकाबाहेर नेलं, मग आत, मग बाहेर. नीट निरखलं.

"आतही लाल, बाहेरही लाल," त्या वाणीला म्हणाल्या. "ताक दे त्याला. रंग पक्का आहे."

चौथ्या दिवशी माझ्या नाकावरची कातडी सोलवटली आणि खालून वेगळाच रंग निघाला. मुहूर्त ठरेपर्यंत मी काकूंशी फोनवरच बोलतो आहे.