माळवदावरचा कार्यक्रम

नागनाथ मास्तरांनी टीव्ही घेतला तो बायकोसाठी. (घरात तसं सांगितलं. खरं म्हणजे गल्लीतला पहिला टीव्ही आपला असावा, एवढीच हौस.) साल सत्त्याऐंशी. कानडी मुलखातल्या चिटगुप्प्याच्या त्या गल्लीत तोवर रेडिओ हीच मोठी चैन. टीव्ही आला आणि त्याच आठवड्यात, शुक्रवारी रात्री साडेदहाला, एक नवा कार्यक्रम सुरू झाला. कोट घातलेला कुणी नवा माणूस पाहुण्यांशी गप्पा मारून लोकांना हसवणार होता म्हणे.

आता टीव्ही म्हटला की एरियल आली, आणि एरियल म्हटली की ती फिरवणारा आला. गल्लीतली पंधरा माणसं खाली सतरंजीवर बसली, आणि घरधनी वर मातीच्या माळवदावर एरियलच्या बांबूला मिठी मारून उभा राहिला.

"आलं का वो?" मास्तर छतातल्या झरोक्यातून ओरडले.

"होतु, होतु!" शेजारच्या लिंगम्मा कानडीत ओरडल्या. म्हणजे गेलं.

"आता?"

खाली जरा कुजबुज झाली. मग गल्लीतला गुंडप्पा म्हणाला, "आलं मास्तर! लई झकास! तसंच धरा!"

मास्तरांनी तसंच धरलं. तासभर, वाऱ्यानं हलणाऱ्या बांबूशी हुज्जत घालत. खाली गल्ली खदाखदा हसत होती, आणि त्या हसण्यात एक आवाज त्यांनी ओळखला. बायकोचा, सत्यभामाबाईंचा.

मास्तरांनी बांबू आणखी घट्ट धरला. लग्नाला चौदा वर्षं झाली. ज्यांच्या विनोदाला शाळेच्या गॅदरिंगमध्ये हेडमास्तर टाळी देतात, त्यांच्या एकाही विनोदाला ही बाई हसली नव्हती. "झालं का? जेवा आता," एवढंच म्हणायची. आणि हा कोटवाला, ना ओळख ना पाळख, पहिल्याच रात्री हसवून मोकळा!

"कसा वाटला नवा माणूस?" खाली आल्यावर त्यांनी सहजच विचारल्यासारखं केलं.

"हिंदी कच्चं हाय," सत्यभामाबाई तोंडाला पदर लावून म्हणाल्या. "पण मनाचा चांगला."

"दम लई हाय," समोरच्या कोंडाबाई म्हणाल्या. "घंटाभर उभ्यानंच बोलतो."

दुसऱ्या दिवशी शाळेत उद्धवराव गुरुजींनी मत विचारलं. मास्तरांनी (न बघताच) निकाल देऊन टाकला, "माणूस उथळ आहे."

पुढचे तीन शुक्रवार हेच. वर मास्तर वाऱ्यात कुडकुडत बांबूशी भांडायचे. "अरे, तुला गुलबर्ग्याच्या टॉवरकडं बघ म्हटलं तर हुमनाबादकडं कामून बघायलास? तुझीबी सासुरवाडी तिथंच हाय का?" फारच चिडले की ते हिंदीत शिरायचे. पाय आपटले की माळवदाची माती खाली पडायची. खाली हशा, आणि सत्यभामाबाईंचं हसू सगळ्यांच्या वर. आपलेच दात, आपलेच ओठ. सांगणार कुणाला?

पाचव्या शुक्रवारी मास्तरांनी ठरवलं, हा कोटवाला करतो तरी काय ते बघायचंच. त्यांनी बांबू दोरीनं कठड्याला आवळला, चपला हातात घेतल्या आणि चोरपावलांनी शिडी उतरून दारात येऊन उभे राहिले.

टीव्हीवर नुसत्या मुंग्या. खरखर, खरखर. आणि सगळी गल्ली टीव्हीकडं पाठ करून, माना वर करून, झरोक्याकडं बघत बसलेली.

"आज मास्तर कामून गप हायत?" केसांतली माती झाडत गुंडप्पा म्हणाला. "इंटरवल का काय?"

"म्हणजे चित्र आलंच न्हाई?" मास्तरांच्या हातातल्या चपला खाली पडल्या.

गल्ली खाली बघू लागली. "एक दिस बी न्हाई," शेवटी कोंडाबाई म्हणाल्या. "नव्या वस्तूला नाव कसं ठेवावं मास्तर? म्हणून आलं म्हटलो."

"आणि तू कुणाला हसायलीस?" मास्तरांनी बायकोला विचारलं.

"तुम्हाला," सत्यभामाबाई म्हणाल्या. "तुमचे ते घोकलेले विनोद ऐकून माझं डोकं दुखतंय वो. पर तुम्ही बांबूशी भांडायलात, तवा हसूनहसून पोट दुखतंय. शुक्रवार कधी येतोय असं होतंय मला."

मास्तरांना रागवावं की लाजावं कळेना. कान मात्र लाल झाले. तेवढ्यात वारा सुटला, वर आवळलेला बांबू कुठंतरी कलला, आणि टीव्हीत लख्ख कोट दिसला! बटणांसकट!

"बंतु! बंतु!" लिंगम्मा ओरडल्या. सगळे वळून बसले. कोटवाला बोलत होता, पाहुणा हसत होता, टाळ्या पडत होत्या. पाच मिनिटं झाली. दहा झाली. कोंडाबाईंनी जांभई दिली. लिंगम्मांनी कानडीत विचारलं की हा बाबा असाच बोलणार का.

गुंडप्पानं घसा साफ केला. "मास्तर, वाईट वाटून घेऊ नका. पर जरा वर जाऊन हलवता का?"

मास्तरांनी बायकोकडं पाहिलं. तिनं मफलर आधीच हातात घेतला होता.

"गेलं का वो?" जरा वेळानं झरोक्यातून आवाज आला.

"गेलं! गेलं!" अख्खी गल्ली आनंदानं ओरडली. "आता तसंच धरा!"