कुकरचा गृहप्रवेश

आमच्या मोठीआईच्या राज्यात घरात येणाऱ्या प्रत्येक नव्या वस्तूचा गृहप्रवेश व्हायचा. टॉर्च असो की टेबलफॅन, उंबऱ्यावर कुंकू लागायचं, मग मोठीआई त्याला कडेवर घेऊन घरभर फिरवायची. "ही मोरी. हे देवघर. हा आमचा बाल्या, रागावते, पण चावत नाही."

बाल्या म्हणजे मी. मोठीआई माझी थोरली काकू. काका गेल्यावर ती माझ्याकडे जवाहरनगरच्या क्वार्टरात आली.

फेरी झाली की वस्तू चार दिवस नुसती बसून राहायची. "तिले घर पाहू दे, घराले तिले पाहू दे." खरं सांगायचं तर मोठीआई नव्या गोष्टींना जाम भ्यायची. टेबलफॅनसमोरून आठवडाभर ती वाकून जात होती. पण शेवटी बटण दाबलं तिनंच. पुढं पुढं कॉलनीतल्या बायका आपापले मिक्सर तिच्याकडून कुंकू लावून, कडेवर फिरवून न्यायच्या. मला त्याचा अजून तोरा आहे.

अडलं ते कुकरपाशी. माझं लग्न झालं तेव्हा सुमननं तो माहेरून आणला. त्याच दिवशी शेजारीण सांगून गेली, "शहापुरात एकीच्या कुकरचं झाकण छताले चिकटलं म्हणते." मोठीआईनं कुंकू लावलं, फेरी काढली आणि कुकर कोनाड्यात बसवला. चार दिवसांचे दोन महिने झाले. सुमन काही बोलली नाही. तशीही ती आमच्या घरात मानेनंच बोलायची. रोज कुकर तेवढा पुसून ठेवायची.

एका रविवारी तिचे बाबा जेवायला यायचे होते. सकाळी सुमन कुकर पुसत होती. मोठीआईनं थोडा वेळ पाहिलं आणि पदर खोचला.

"काढ खाली. आज भात याच्यातच."

"तुमाले भेव वाटते ना, मोठीआई?" सुमन हळूच म्हणाली.

"वाटते ना. म्हणून काय नवीन आलेलीले जन्मभर कोनाड्यात बसवाचं?"

स्टोव्ह पेटला. दारूगोळ्याच्या कारखान्यात पगार घेणारा मी कपाटामागे उभा राहिलो.

"बाल्या, तिकडं काय करून राहिला?"

"लक्ष ठेवून आहो."

"कपाटावर?"

कुकर सूं सूं करू लागला. मोठीआई त्याच्यासमोर पाटावर बसून होती. नजर न हलवता म्हणाली, "मी कोंढ्याहून लग्न होऊन आली, तं मले कोणी घर नाही दाखवलं. पहिल्याच दिवशी हातात पाण्याचा पितळी गुंड देल्ला, पाणी आण म्हणे. विहीर कोठी आहे हे इचाराची सोय नव्हती. सासूपुढं बोलाचं नाही, सासऱ्यापुढं बोलाचं नाही. वर्षभरात माहा आवाज कसा आहे, तेच इसरली मी."

तेवढ्यात शिट्टी झाली. मी कपाटाच्या आणखी मागे गेलो. मोठीआईनं डोळे गच्च मिटले, पण ती पाटावरून हलली नाही.

"बोल बाई, बोल," ती म्हणाली. "या घरी बोलाले मनाई नाही."

मी कपाटाआडून डोकावलो. तिचे डोळे मिटलेलेच होते, आणि हात शेजारी बसलेल्या सुमनच्या पाठीवर होता.