व्हर्माँटला जाता जाता

ऑर्विल साइझमोर यांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न न्यू जर्सीत ठरलं, आणि टेनेसीतल्या त्यांच्या घरात पिस्तुलाचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला. नवऱ्या मुलाबद्दल कोणाची तक्रार नव्हती. विन्स शाळेत गणित शिकवायचा, बियर बेतानं प्यायचा, आणि टेसाकडे तो ज्या नजरेनं बघायचा ती पाहून तिच्या आईनं, नदीननं, त्याला पहिल्याच दिवशी पास करून टाकलं होतं. अडचण होती ती त्याच्या राज्याची.

ऑर्विल यांच्या कमरेला गेली एकतीस वर्षं पिस्तूल होतं. चर्चमध्ये, न्हाव्याकडे, दातांच्या डॉक्टरांकडे, सगळीकडे. कुटुंबाच्या संरक्षणासाठी. या एकतीस वर्षांत कुटुंबावर एकदाही हल्ला झाला नव्हता, आणि हाच पिस्तुलाचा गुण असल्याचं ते सांगत. गोळी एकदाच सुटली होती, साफसफाई करताना, आणि ती फ्रिजला लागली. फ्रिज नवा आणावा लागला. पिस्तूल तेच राहिलं.

"डॅडी, घरी ठेवून ये ना," टेसा फोनवर म्हणाली. "तीन दिवसांचा तर प्रश्न आहे."

"दिवसांचा नाही, बाळा. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"बरं बाबा, तुझं तत्त्व तुला लखलाभ. मला एवढंच हवंय की शनिवारी तीन वाजता तू माझा हात धरून मला चर्चमध्ये आत न्यावंस. तू नसलास तर अंकल ड्वाइट नेईल, आधीच सांगून ठेवते."

ड्वाइट म्हणजे नदीनचा भाऊ. ऑर्विल यांचं त्याच्याशी कधी पटलं नाही. ड्वाइटच्या कमरेला काहीही नसे, आणि तरी तो सगळीकडे वेळेवर पोचत असे. मुलीचा हात त्या माणसाच्या हातात जाणार हे ऑर्विल यांना मंजूर नव्हतं. ते लगेच कामाला लागले.

ऑर्विल कायदा मोडणाऱ्यांतले नव्हते. उलट, नियम म्हटला की त्यांचा हात आपोआप टोपीकडे जायचा. त्यामुळे लग्नाचा सूट शिवण्याआधी ते नदीनला घेऊन मिस लॅम्बडिन या वकीलबाईंकडे गेले. बाईंनी टेबलावर नकाशा पसरला. त्यावर प्रत्येक राज्य निरनिराळ्या रंगात होतं.

"टेनेसीत कमरेला चालेल," त्या म्हणाल्या. "व्हर्जिनिया तुमचा परवाना मानतं. वेस्ट व्हर्जिनियाला परवानाच लागत नाही. मेरिलंड मानत नाही. पेनसिल्व्हेनिया मानतं."

"म्हणजे मेरिलंडच्या हद्दीवर पिस्तूल काढून पेटीत ठेवायचं?"

"आणि पलीकडे गेलात की परत कमरेला लावायचं."

"मेरिलंड ओलांडायला किती मैल, मॅडम?"

"तुमच्या रस्त्यावर? बारा मैल."

"म्हणजे बारा मैल तुला पिस्तूल नको," नदीन म्हणाली, "आणि तेराव्या मैलाला एकदम गरज पडणार. तिथे काय दरोडेखोरांचं गाव आहे का रे?"

ऑर्विल यांनी तिकडे दुर्लक्ष केलं आणि न्यू जर्सीवर बोट ठेवलं. वकीलबाईंनी चष्मा काढून पुसला.

"इथे गाडं अडतं. कायदा असा आहे, की पेटीत बंद करून तुम्ही कुठल्याही राज्यातून पिस्तूल नेऊ शकता. पण जिथून निघालात आणि जिथे पोचणार, त्या दोन्ही ठिकाणी ते बाळगायची मुभा हवी. न्यू जर्सी तुम्हाला मुभा देत नाही. म्हणजे न्यू जर्सीत तुम्हाला पोचता येणार नाही. तिथून फक्त जाता येईल."

"पण लग्न तर तिथेच आहे."

"लग्न असू दे तिथे. तुम्ही नसायला हवं. तुम्ही कुठेतरी पुढे निघालेले हवेत." बाईंचं बोट नकाशावर वर वर सरकत गेलं. "व्हर्माँट. तिथे काही लागत नाही."

"व्हर्माँटमध्ये माझं कोणी नाही, मॅडम."

"माणसांची गरज नाही. मोटेलमधल्या खोलीचं आरक्षण पुरे."

"आणि वाटेत थांबायचं झालं तर?"

"पेट्रोल, जेवण, शौचालय. तेही थोडक्यात."

"लग्न?"

"लग्न यादीत नाही."

इतका वेळ पर्सचा बंद पिळत बसलेली नदीन पुढे सरकली. "मला एक सांगा, पिस्तूल घरी ठेवायला कायद्यानं बंदी आहे का?"

"छे, छे. ते तर सगळ्यात..."

ऑर्विल मोठ्यानं खाकरले. "मॅडम, आम्ही न्यायचं कसं ते विचारायला आलोय."

पुढचे सहा आठवडे साइझमोर कुटुंब पूर्वतयारीत गुंतलं. पहिली अडचण अशी, की पिस्तूल गाडीत बसणाऱ्यांच्या हाताला लागता कामा नये, म्हणजे ते डिकीत हवं. आणि ऑर्विल यांच्या पिकअप ट्रकला डिकी नव्हती. मग मागच्या हौद्यात पोलादी पेटी बोल्टनं बसवण्यात आली. गोळ्यांसाठी दुसरी पेटी तिच्यापासून चार फुटांवर. दोन्ही किल्ल्या नदीनच्या गळ्यात, कारण त्या ऑर्विल यांच्या खिशात असल्या तर पिस्तूल हाताशी आहे असा अर्थ कोणी काढला असता. ऐन प्रसंगी गुंड समोर उभा ठाकलाच, तर ऑर्विल यांनी गाडी थांबवून, खाली उतरून, बायकोकडे किल्ल्या मागून, दोन पेट्या उघडेपर्यंत गुंडानं कळ काढायची होती.

खरी अडचण मात्र लग्नाची. ती अचानक विन्सनं सोडवली. गणिताचा माणूस.

"चर्चच्या बरोबर समोर पेट्रोल पंप आहे, सर," तो फोनवर म्हणाला. "तुमच्या ट्रकची टाकी केवढी?"

"सव्वीस गॅलन."

"म्हणजे सहा मिनिटं. टाकी भरत असताना तुम्ही रस्ता ओलांडायचा, टेसाला चाळीस पावलं चालवत आणायचं, माझ्याकडे सोपवायचं आणि परत फिरायचं. कायद्याच्या दृष्टीनं तुम्ही पेट्रोल भरत असाल."

ऑर्विल यांचे डोळे भरून आले. असा जावई मिळायला नशीब लागतं. त्यांनी घरासमोरच्या रस्त्यावर सराव सुरू केला. टेसाच्या जागी नदीन, हातात फुलांऐवजी फ्लॉवरचा गड्डा. पहिल्या दिवशी साडेनऊ मिनिटं लागली. फादरनी प्रार्थना दोन ओळींवर आणली. ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी वधूची धून दुप्पट वेगानं बसवली. ती आता घोड्यांच्या शर्यतीसारखी ऐकू येत असे. टेसानं सॅंडलच्या टाचा कापून घेतल्या. शेवटच्या आठवड्यात वेळ पाच मिनिटं पन्नास सेकंदांवर आली.

"इतकी मेहनत तू आपल्या लग्नालाही घेतली नव्हतीस," नदीन धापा टाकत म्हणाली.

शुक्रवारी पहाटे ते निघाले. मेरिलंडच्या अलीकडे पिस्तूल पेटीत गेलं, बारा मैलांनी पेटीतून निघालं, आणि न्यू जर्सीचा पूल यायच्या आधी परत पेटीत गेलं. शेवटची टाकी ऑर्विल यांनी मुद्दाम रिकामी होत आणली होती. पेट्रोलची गरज खरीखुरी असावी, ढोंग वाटू नये, म्हणून. शनिवारी तीनला दहा कमी असताना ट्रक पंपाशी आला. समोर चर्चच्या पायऱ्यांवर पांढऱ्या झग्यातली टेसा उभी होती. तिनं हात हलवला. ऑर्विल यांनी काळ्या सुटावरची धूळ झटकली, कोटाला लावलेलं फूल नीट केलं, आणि खाली उतरून आयुष्यभराच्या सवयीनं पंपाची नळी उचलून टाकीत घातली.

"ओ चाचा!" पंपावरचा सुखविंदर ओरडत धावला. "हात नाही लावायचा! सोडा ती नळी!"

"का? मलाच भरायचंय ना?"

"न्यू जर्सी आहे ही! इथे स्वतःच्या हातानं पेट्रोल भरायला कायद्यानं मनाई आहे. गाडीवरची टेनेसीची पाटी बघूनच मला कळलं, हे काहीतरी करणार."

एकतीस वर्षं पिस्तुलाच्या कायद्याचा कीस पाडणाऱ्या माणसाला हा कायदा कोणी सांगितला नव्हता. आरडाओरडा ऐकून लग्नाच्या गाड्या लावून देत असलेले पोलीस ऑफिसर कॅस्टिलो रस्ता ओलांडून आले. त्यांना फक्त एवढंच म्हणायचं होतं, की काका, नळी याच्याकडे द्या आणि बाजूला व्हा. पण त्यांनी तोंड उघडायच्या आत ऑर्विल यांनी दोन्ही हात वर केले.

"सर, मी आधीच सांगून टाकतो. गाडीत पिस्तूल आहे."

कॅस्टिलो यांचा चेहरा बदलला. ऑर्विल यांनी परवान्यापासून व्हर्माँटच्या मोटेलच्या आरक्षणापर्यंत सगळे कागद लावलेली शेहेचाळीस पानांची फाइल पुढे केली. नदीननं गळ्यातल्या किल्ल्या काढून बॉनेटवर ठेवल्या. कॅस्टिलो यांनी पेट्या उघडल्या, नंबर टिपले, कचेरीला कळवले. चर्चमध्ये धून सुरू झाली, संपली, आणि परत सुरू झाली.

"कुठे निघालात?" कॅस्टिलो यांनी विचारलं.

"व्हर्माँटला."

"या सुटात?"

"हो, सर."

"कोटाला फूल लावून?"

"मला फुलं आवडतात, सर."

कॅस्टिलो यांनी समोर पाहिलं. टेसा पायऱ्या उतरून रस्त्याच्या कडेला आली होती. मध्ये दोन गाड्यांची रुंदी, बस्स. हाक मारली तर ऐकू गेली असती.

"समोरच्या लग्नाशी तुमचा काही संबंध आहे का?"

ऑर्विल यांनी मनातल्या मनात कायदा आठवला. 'हो' म्हटलं तर ते न्यू जर्सीत पोचले होते, आणि पोचले असतील तर पिस्तूल गेलं, वर कदाचित तुरुंग. 'नाही' म्हटलं तर ते अजून वाटेत होते आणि सगळं कायदेशीर होतं. त्यांनी मुलीकडे पाहिलं. मग फाइलकडे.

"नाही, सर," ते म्हणाले. "मी फक्त पुढे चाललोय."

टेसानं ते ऐकलं. तिनं झगा दोन्ही हातांनी उचलला आणि ती पायऱ्या चढून गेली.

"आणि या बाई कोण?"

"मी वधूची आई," नदीन म्हणाली. "या गृहस्थांच्या गाडीतून इथवर लिफ्ट मिळाली. भले वाटले." तिनं ट्रकमधून आपली बॅग काढली आणि रस्ता ओलांडून निघून गेली.

चर्चच्या दारात ड्वाइटनं टेसाला हात दिला. ऑर्विल यांनी टाचा उंच करून पाहिलं, पण मध्ये एक दुधाची गाडी आली.

चाळीस मिनिटांनी कॅस्टिलो यांनी फाइल परत दिली. "कागद इतके चोख मी आजवर पाहिले नाहीत. तुमच्याविरुद्ध काहीही नाही. मात्र आता थांबू नका, नाहीतर मुक्काम धरला जाईल."

"टाकी भरली, चाचा," सुखविंदर हळूच म्हणाला.

रविवारी सकाळी व्हर्माँटच्या मोटेलमध्ये ऑर्विल पलंगावर बसून होते. कमरेला पिस्तूल होतं, भरलेलं, कोणाच्याही बापाची हरकत नसलेलं. आसपास कोणी नव्हतं. कुटुंबाच्या संरक्षणात कुठेही कसूर राहिली नव्हती. फक्त कुटुंब चारशे मैल मागे होतं आणि फोन उचलत नव्हतं. त्यांना रडू आलं, आणि ते बराच वेळ रडले.

तुम्ही म्हणाल, वेडाच माणूस. लेकीच्या लग्नापुरतं घरी ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं? अगदी बरोबर. आता तुमच्या घरचं मागचं लग्न आठवा. पत्रिकेत नाव खालच्या ओळीत छापलं म्हणून, किंवा आहेराची साडी बोटांनी चाचपून झाल्यावर, भरल्या ताटावरून उठून कोण निघून गेलं होतं? नवरी दारातून हाका मारत होती, आणि कोण म्हणालं होतं, की हा साडीचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे? तेही कमरेला काहीतरी लावूनच आले होते. आणि ते तुम्हीच असाल, तर निदान एवढं समाधान माना, की त्याला अजून कुठल्याच राज्यात परवाना लागत नाही.