कॉकपिटबाहेरचा बाक

भिवंडीजवळच्या राहनाळला तीन गोदामांच्या मधोमध उभ्या असलेल्या विमानाचं कोणी अपहरण करू नये, ही जबाबदारी प्रभाकर कर्णिक यांच्यावर लेखी आदेशाने सोपवण्यात आली, तेव्हा त्यांना निवृत्त होऊन अकरा महिने झाले होते. विमानाला इंजिन नव्हतं. पंखही नव्हते, ते रस्त्यात मावत नाहीत म्हणून आणतानाच कापून टाकले होते. चाकांच्या जागी सिमेंटचे चौथरे होते. तरीही अपहरणाचा धोका होता, कारण तो कागदावर आलेला होता आणि त्यावर गोल शिक्का होता.

विमानाचे मालक दौलत पाटील. वडिलोपार्जित भातशेतीवर गोदामं उभी करून झाल्यावर उरलेल्या जागेत काय करावं, या विचारात असताना त्यांनी भंगारात निघालेलं एक प्रवासी विमान विकत घेतलं आणि त्यात हॉटेल काढायचं ठरवलं. परवान्याच्या अर्जात ‘बांधकामाचे स्वरूप’ असा रकाना होता. त्यांचा मुलगा भाविक याने तिथे अभिमानाने ‘विमान’ असं लिहिलं. घात झाला तो इथे. दोन महिन्यांनी उत्तर आलं : ‘सदर बांधकाम विमान असल्याचे आपणच नमूद केले आहे. सबब, अपहरणकर्ते कॉकपिटमध्ये प्रवेश करू शकत नाहीत याची प्रात्यक्षिकासह खातरजमा झाल्याखेरीज उपाहारगृहास परवाना देता येणार नाही.’ तो शब्द खोडून ‘हॉटेल’ लिहू का, असं भाविकने विचारलं. खाडाखोड केल्यास अर्ज बाद होईल, असं त्याला सांगण्यात आलं.

मग दौलतशेठना कर्णिक आठवले. आठवणारच. भिवंडीच्या एका सरकारी कचेरीत कर्णिकांनी एकतीस वर्षं साहेबांच्या खोलीबाहेर टेबल टाकून काढली होती. त्यांनी लिहिलेला एकही कागद कोणाच्या लक्षात नव्हता. पण त्यांनी बाहेर बसवलेली माणसं साऱ्या तालुक्यात पसरलेली होती. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ हे वाक्य ते अशा काही सुरात म्हणत, की ऐकणाऱ्याला आपणच वेळ चुकवून आलो असं वाटून ओशाळायला होई. आपल्याला दुसरं काही येत नाही, हे कर्णिकांना पक्कं ठाऊक होतं. निवृत्तीनंतर पेन्शनच्या कागदासाठी ते त्याच कचेरीत गेले, तर नव्या शिपायाने त्यांना त्याच बाकावर बसवलं. अपमानाने कानशिलं तापली, तरी मान किंचित तिरकी ठेवून नजर न देण्याची त्या पोराची ढब त्यांना मनापासून आवडली होती. शेवटी आतल्या एका ओळखीच्याला फोन लावला, तेव्हा सुटका झाली.

“कर्निक सायेब, तुमी मना धा वर्सं भायेर बसवलाव,” दौलतशेठ म्हणाले. “तुमच्यावानी मानूस या कामाला दुसरा न्हाय. पन येक सांगतू. त्या प्रात्यक्षिकाचे दिवशी जर कोन आत घुसला, तर माझा परवाना गेला आन् तुमची नोकरी.”

नोकरी गेली तर काय, याचा कर्णिकांनी विचार केला. मग घर होतं. घरात पत्नी विद्युल्लताबाई होत्या. त्यांनी बातमी ऐकून शांतपणे भाजी निवडत विचारलं, “तुम्ही अपहरणकर्त्यांना अडवणार? गेले अकरा महिने शेजारच्यांच्या मांजराला आपल्या ओट्यावरून हुसकायचं काम दिलंय तुम्हाला. परवा ते तुमच्या मांडीवर झोपलं होतं.” खरं तर कर्णिकांना एकदा, मरण्याआधी एकदा तरी, आपण खरोखर कोणाला तरी अडवू शकतो हे सिद्ध करायचं होतं. ज्याला अडवायला हवं अशाला.

कामाला लागल्यावर त्यांनी कॉकपिटच्या दाराला कुलूप बसवलं, किल्ली ओळखपत्राच्या पट्ट्याला अडकवली, बाहेर टेबल, खुर्ची आणि एक बाक मांडला, आणि प्रवेशअर्जाचा नमुना तयार केला. त्यात अकरा रकाने होते. सातवा असा : ‘आपण अपहरणकर्ते आहात काय? (हो / नाही. लागू नसेल ते खोडावे.)’ अर्ज तीन प्रतींत, सोबत दोन फोटो. सगळं इतकं जुन्या वळणावर बसलं, की पहिल्या दिवशी खुर्चीत टेकताना त्यांना गहिवरून आलं.

दुसऱ्या दिवसापासून सवलती सुरू झाल्या. दौलतशेठ मालक, म्हणून त्यांना अर्ज माफ. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वज्रेश्वरी देवीची तसबीर कॉकपिटमध्ये लावलेली होती. त्यांना सकाळ-संध्याकाळ दिव्यासाठी जावं लागे. त्यांच्यासोबत आरतीला येणाऱ्या चार जणी. भाविकचे मित्र, फोटोपुरते. भाविकच्या मित्रांचे मित्र. ज्या भाडेकरूच्या गोदामातून वीज घेतली होती तो, आणि त्याची सून, कारण तिला डोहाळे लागले होते आणि पायलटच्या खुर्चीत बसावंसं वाटत होतं. कर्णिकांनी प्रत्येक सवलतीचा आदेश काढून क्रमांक दिला. महिनाअखेर यादी पाहिली, तर ज्यांना खरोखर मनाई आहे असे फक्त अपहरणकर्तेच उरले होते. हरकत नाही, त्यांनी मनाशी म्हटलं, मुळात अडवायचं त्यांनाच आहे.

प्रात्यक्षिकाची वेळ अकरा ते एक अशी ठरलेली होती. नियम सोपा होता : या दोन तासांत अपहरणकर्ता कॉकपिटमध्ये पोचला, तर परवाना नामंजूर. अकराला दहा कमी असताना परवाना कार्यालयाने पाठवलेले दोन अपहरणकर्ते रिक्षातून उतरले. दोघांच्या तोंडावर काळं फडकं होतं. एकजण तरणाताठा, हातात प्लॅस्टिकचं पिस्तूल. दुसरा पोट सुटलेला, काखेत फाइल. अकराच्या ठोक्याला तरण्याने पिस्तूल रोखलं आणि ओरडला, “कोई हिलेगा नहीं! दरवाजा खोलो!”

“अर्ज भरलाय?” कर्णिकांनी मान वर न करता विचारलं.

“अहो, आम्ही अपहरणकर्ते आहोत.”

“ते रकाना सातमध्ये लिहा. बाकावर बसून लिहा, टेबलावर गर्दी नको.”

दोघं एकमेकांकडे बघत राहिले, आणि बसले. त्यांचाही इलाज नव्हता. तेही सरकारी नोकर होते आणि समोर कोरा अर्ज आला की बसून भरायचा, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. साडेअकराला त्यांनी अर्ज आणून दिला. कर्णिकांनी तिसरी प्रत मागितली. ती आली. मग फोटो मागितले. फोटोत तोंडावर फडकं नको, असं सांगितलं. “आमची ओळख गुप्त ठेवायचा आदेश आहे,” पोट सुटलेला म्हणाला. “मग तुमच्या कार्यालयाकडून तसं पत्र आणा,” कर्णिक म्हणाले. तरण्याने दारावर लाथ मारू का, असं विचारलं. कर्णिकांनी त्याला लाथ मारण्याच्या परवानगीचा वेगळा नमुना दिला.

बारा वाजले. सव्वाबारा झाले. आत रिकामं कॉकपिट, बाहेर बाकावर दोन घामाघूम अपहरणकर्ते, आणि मध्ये कर्णिक. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या बाकावर योग्य माणसं बसलेली होती. विद्युल्लता आत्ता इथे हवी होती, असं त्यांना फार वाटलं. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी चष्मा पुसण्याच्या निमित्ताने टिपलं.

साडेबाराला पार्वतीबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या. बाकावर बसलेल्यांना चहा न देणं त्यांच्या घरात कधी घडलेलं नव्हतं, मग बसणारा कोणी का असेना. कर्णिकांनीही हरकत घेतली नाही. चहाबद्दल नियमांत काही नव्हतं. तरण्याने कप घेतला आणि पिण्यासाठी फडकं खाली ओढलं.

पार्वतीबाईंनी निरखून पाहिलं आणि झटकन डोक्यावर पदर घेतला.

“अगो बाय! ह्यो तर आपले मनालीचा घरवाला! कुनाल ना रं तू? खारबावला माझे चुलतभावाचे दारात तुजा मांडव पडला, मी सवता ओवालला तुला!”

“हो, आत्या,” अपहरणकर्ता पुटपुटला आणि त्याने चहाचा कप सांभाळत वाकून नमस्कार केला.

पार्वतीबाईंनी हाक मारली. दौलतशेठ धावत आले. बाकाकडे पाहून त्यांचा चेहरा पडला.

“कर्निक सायेब! यो काय केलाव तुमी? घरचे जावयाला भायेर बसवलाव? दीड तास? खारबावला कललं तर माजं नाक कापतील!”

“शेठ, ते ड्युटीवर आहेत. अपहरणकर्ते आहेत. अजून अर्धा तास काढायचाय फक्त,” कर्णिक म्हणाले. “आत सोडलं तर परवाना जाईल.”

“अपहरन करंल तवा करंल. आधी तो जावय हाय.”

कर्णिकांना दाराला पाठ लावून उभं राहता आलं असतं. तसं उभं राहायचं, हे त्यांनी रात्ररात्र मनात घोकलं होतं. पण दौलतशेठ दोन पावलं पुढे आले आणि कर्णिकांचा उजवा हात आपोआप किल्लीकडे गेला. एकतीस वर्षांची सवय. बाकावरचा माणूस कोणाचा तरी कोणी आहे असं कळलं, की हा हात डोक्याला न विचारता उठत असे. कुलूप उघडताना त्यांनी कमरेत किंचित वाकून “या, या, आधी सांगायचं ना साहेब,” असंही म्हटलं, आणि ते स्वतःच्या कानांनी ऐकून त्यांना शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जावयाला मानाची जागा म्हणून कॅप्टनच्या खुर्चीत बसवण्यात आलं. शाल आली, नारळ आला, पार्वतीबाईंनी ओवाळलं. पोट सुटलेल्या अपहरणकर्त्याला, त्याचं नाव दामू, को-पायलटची खुर्ची आणि टोपी मिळाली. कुणाल कर्तव्याला चुकणारा नव्हता. तोंडातला पेढा संपवून त्याने पिस्तूल वर केलं आणि हळूच म्हटलं, “हे विमान आता आमच्या ताब्यात आहे.”

“तुमचाच हाय, जावयबापू,” दौलतशेठ हात जोडून म्हणाले. “आमचा काय हाय त्यात?”

एक वाजला. दामूने फाइल उघडून अहवालाचा नमुना काढला. कर्णिक दारात मान खाली घालून उभे होते. त्यांच्या मनात ते घरी पोचलेसुद्धा होते आणि मांजर ओट्यावर होतं.

“अपहरणकर्त्यांनी बळाने प्रवेश केला काय? नाही,” दामू वाचत, लिहीत गेला. “फसवणुकीने? नाही. कर्मचाऱ्याने विरोध केला काय? दीड तास, लेखी. खुर्चीत नेऊन बसवलं, याला इथे रकानाच नाही.” त्याने शिक्का मारला. “सबब, अनधिकृत व्यक्ती कॉकपिटमध्ये शिरू शकत नाही, हे सिद्ध झाले. अभिनंदन, कर्णिक.”

हॉटेल सुरू झालं. प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत कॉकपिटच्या दारावर लागलं. कर्णिकांची नोकरी कायम झाली आणि वर पगारवाढही मिळाली. घरी विद्युल्लताबाईंनी विचारलं, “मग, अडवलंत?” कर्णिकांनी “अडवलं” असं म्हटलं आणि ताटातल्या भाताशी खेळत राहिले.

मात्र त्यानंतर त्यांनी एक नवी वही घातली. कॉकपिटमध्ये सामान्य ग्राहकाला प्रवेश नाही, तशी पाटी आहे. पाटी वाचून प्रत्येकजण मान डोलावतो, शिस्त हवीच म्हणतो, आणि मग फोन पुढे करतो : “एक मिनिट, साहेबांशी बोला.” त्यांची नोंद सवलतींच्या जुन्या वहीत होते, ती आता चौथी चालू आहे. नवी वही ज्याची कोणाशीच ओळख नाही अशा माणसासाठी आहे. ती कोरी आहे. बाकही रिकामाच असतो. खराखुरा अपहरणकर्ता तरी त्यावर येऊन बसेल, अशी कर्णिकांना काही दिवस आशा होती. पण तोही कोणाचा तरी जावई असणारच.

तुम्ही कधी त्या बाजूला आलात, तर बाक दाराच्या डाव्या हाताला आहे. पण तुम्ही काही बसणार नाही. राहनाळला आपल्या ओळखीचं कोण निघेल, हे तुम्ही आत्ता वाचता वाचताच आठवून पाहिलंत. कर्णिकांनी मान वर न करता ते ओळखलं आहे, आणि त्यांचा हात किल्लीकडे गेला आहे.