बाथरूमच्या दाराला मी कुलूप बसवलं

घरातली दुरुस्ती माणसाने स्वतः करावी, या मताचा मी आहे. सुताराला बोलावलं की तो येतो म्हणतो आणि येत नाही, आणि आलाच तर आपल्याच घरात आपल्याला पाहुण्यासारखं एका कोपऱ्यात उभं राहावं लागतं. माझ्याकडे ड्रिल आहे, छिन्नी आहे, स्क्रूड्रायव्हरचा आख्खा संच आहे आणि आत्मविश्वास तर शेजारीपाजारी वाटून उरेल इतका आहे! त्यामुळे बाथरूमच्या दाराची कडी तुटली तेव्हा मी बायकोला ठणकावून सांगितलं, "सुतार वगैरे काही नको. रविवारी मी बघतो."

त्यानंतर बरेच रविवार आले आणि गेले.

मग माझे सासरे आमच्याकडे राहायला आले. त्यांना आम्ही नाना म्हणतो. ते एकटेच राहायचे. एकदा साखर उतरून स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडले, तशी बायको गेली आणि त्यांना घेऊनच आली. आता त्यांनी कायमचं इथंच राहावं असं तिच्या मनात होतं. नाना हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते. फक्त कपडे कपाटात ठेवत नव्हते. लागेल तसा सदरा बॅगेतून काढायचा आणि धुऊन वाळला की पुन्हा बॅगेत.

आता कडी नसलेल्या बाथरूममध्ये आपण आहोत हे बाहेरच्यांना कळवायचं कसं? बायको आणि मी गाणं गुणगुणायचो. नाना पडले शिस्तीचे, ते खोकायचे. बाहेर पाऊल वाजलं की खोकायचे, नळ बंद केला की खोकायचे. बायकोने हे काही दिवस ऐकलं आणि त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली, त्यांना काहीच सापडलं नाही, म्हणून त्यांनी जरा जास्तच कडू औषध दिलं. नानांनी ते निमूटपणे घेतलं आणि घरी आल्यावर मला बाजूला बोलावलं.

"जावईबापू, मला खोकला नाहीये. तुमच्या दाराला कडी नाहीये."

"बरोबर आहे, नाना."

"आणि पुढच्या आठवड्यात मी माझ्या घरी जाईन म्हणतोय. तिला तुम्ही सांगा. मी सांगितलं की ती रडते."

मी लगेच हिशेब मांडला. नाना चाललेत ते कडीमुळे. म्हणजे कडी झाली की नाना राहणार, नाना राहिले की बायको खूश आणि हे सगळं माझ्या हातून होणार. मी त्याच संध्याकाळी जाऊन कुलूप आणलं. साधीसुधी कडी नव्हे. दोन्ही बाजूंना चकचकीत मूठ आणि दार लोटलं की खट् करून आपोआप बसणारी जीभ.

दुसऱ्या दिवशी बायको ऑफिसला निघताना दारातच थांबली. "नानांना जेवणाआधीची गोळी द्यायची आणि गोळीनंतर लगेच जेवायला वाढायचं. उशीर चालत नाही त्यांना. आणि ठोकाठोक करू नकोस. शेजारच्या सिस्टर रात्रपाळी करून झोपलेल्या असतात."

"छे, कसली ठोकाठोक," मी म्हणालो. ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत माझा विचारही तोच होता.

सिस्टरच्या आणि आमच्या घरामध्ये एकच भिंत आहे. मी ड्रिल सुरू केलं आणि भिंतीवर पलीकडून धपाधप दणके आले. मी ड्रिल ठेवून छिन्नी घेतली. तरी दणके आलेच. जुन्या कडीचं भोक नव्या कुलपाला लहान पडत होतं, म्हणून ते मी वाढवलं. वाढवता वाढवता ते जरा जास्तच वाढलं, म्हणून त्यात लाकडाच्या चिपा भरल्या. नाना शेजारी उभे राहून बघत होते.

"दार धरू का?"

"नको नको, तुम्ही बसा."

"स्क्रू हातात देऊ?"

"कशाला त्रास घेता, नाना? आरामात बसा."

ते खुर्चीत जाऊन बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. भुसा झाडायला मी बागेकडचं मागचं दार उघडं टाकलं, शेवटचा स्क्रू पिळला आणि मागे सरून पाहिलं. कुलूप दिमाखात बसलं होतं. खाली पेपरवर एक चौकोनी सळई तेवढी उरली होती. कंपन्या एखादा भाग जास्तीचा देतात, हे मला ठाऊक होतं.

"नाना, गोळी घेतलीत?"

"घेतली. ताटं घेऊ का?"

"आधी इकडे या, एक गंमत दाखवतो."

मी त्यांना बाथरूममध्ये नेलं आणि दार लोटलं. खट्. काय सुरेख आवाज होता!

"ऐकलंत? आता खोकायची गरज नाही."

"छान," नाना म्हणाले. "उघडा आता."

मी मूठ फिरवली. ती फिरली. आणखी फिरली. उचलून धरलेल्या सायकलचं पुढचं चाक फिरावं तशी ती अगदी हलकी, गोल गोल फिरत राहिली आणि दार जागचं हललं नाही.

नानांनी थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं. "बाहेर पेपरवर एक चौकोनी सळई होती. ती कशाची?"

"ती जास्तीची होती."

"दोन्ही मुठींना जोडणारी असेल," नाना म्हणाले.

माझी सगळी हत्यारं बाहेर होती. फोनही बाहेर होता आणि तो वाजत होता. नानांनी दात घासायचा ब्रश पुढे केला, "याचा दांडा घालून बघा." मूठ खेचून काढून मी दांडा भोकात घातला आणि जोर लावला. ब्रश मोडला. अर्धा माझ्या हातात, अर्धा भोकात. दार आत उघडणारं, त्यामुळे धक्का मारून उपयोग नव्हता, आणि ओढायला आता मूठही नव्हती.

"भिंत वाजवा," नाना म्हणाले. "बाई जाग्याच असतील."

मी तांब्या घेऊन भिंतीवर तीनदा ठोकलं. पलीकडून तीनदा उत्तर आलं.

"कळलं त्यांना," मी म्हणालो. जीव भांड्यात पडला. आम्ही वाट पाहिली. कुणी आलं नाही. मी पुन्हा ठोकलं. पलीकडून अधिक जोरात ठोकलं गेलं.

"येतेय म्हणतात," मी म्हणालो.

"मला तसं वाटत नाही," नाना म्हणाले.

तिसऱ्यांदा ठोकलं तेव्हा पलीकडे रेडिओ लागला, तोही मोठ्याने. आता आम्ही ओरडलो असतो तरी ते गाण्यातच मिसळलं असतं. नाना उपड्या बादलीवर बसले. मी न्हाणीच्या उंबऱ्यावर टेकलो. जावई आणि सासरे इतका वेळ एकमेकांसमोर कधी बसले नव्हते, आणि दोघांनाही उठून जायची सोय नव्हती.

"नाना, एक विचारू? तुम्ही या दारामुळेच जाताय ना?"

ते हसले. "दारामुळे कुणी पोरीचं घर सोडतं का? अहो, सकाळी उठलो की चहा हातात. कप विसळायला गेलो की ती कप काढून घेते. झाडांना पाणी घालायला गेलो की तुम्ही पाइप काढून घेता. मघाशी दार धरतो म्हटलं, तर बसा म्हणालात. माझ्या घरी मी पडलो असेन, पण पडलो तेव्हा निदान भाजी तरी चिरत होतो. इथं बसून बसून मी खुर्चीच व्हायचा बाकी आहे."

मी म्हणालो, "पाइप मी उद्यापासून तुमच्याकडे देतो." मी वर पाहिलं तर नानांचं कपाळ घामाने डबडबलं होतं आणि गुडघ्यावरचा हात थरथरत होता.

"नाना?"

"गोळी घेतलीय ना," ते हळू आवाजात म्हणाले. "आणि जेवण राहिलंय."

माझी सगळी हुशारी कुठल्या कुठे गेली. मी नळावर पाय देऊन वरच्या झरोक्यापर्यंत चढलो, त्याच्या काचेच्या पट्ट्या बाजूला केल्या आणि होता नव्हता तेवढा आवाज काढला, "सिस्टर, नानांची साखर उतरलीय! आम्ही आत कोंडलोय!"

रेडिओ तत्क्षणी बंद झाला. ठोकाठोकीने जे झालं नव्हतं ते 'साखर' या एका शब्दाने झालं. मागच्या दारातून धावत येणाऱ्या चपलांचा आवाज आला आणि त्यांनी बाहेरून विचारलं, "शुद्धीवर आहेत?"

"आहेत. पण दाराचं कुलूप..."

"बाजूला व्हा."

मी नानांना धरून भिंतीशी सरकलो. सिस्टरनी एका हाताने दार ढकललं, फार जोरातही नाही. माझं कुलूप, चिपा, स्क्रू आणि अर्धा ब्रश असं सगळं एकदम फरशीवर येऊन पडलं आणि दार सताड उघडलं. इतक्या कच्च्या कामाबद्दल मी जन्मात कधी एवढा आनंदलो नव्हतो.

सिस्टरनी नानांना खुर्चीत बसवलं, मला साखरपाणी करायला पिटाळलं आणि घोट घोट पाजलं. हळूहळू नानांचा हात स्थिर झाला, चेहऱ्यावर रंग आला. त्यांनी पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "माझ्यामुळे तुमची झोपमोड झाली."

"तुमच्यामुळे नाही," सिस्टर माझ्याकडे बघत म्हणाल्या. "मला वाटलं, मी भिंत वाजवली म्हणून हे मुद्दाम चिडवतायत. आता आधी यांना जेवायला वाढा."

"तुम्हीही बसा," नाना म्हणाले. "मी वाढतो."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. नानांनी वाढलं. सावकाश, टेबलाला एका हाताने धरून, पण तिघांनाही त्यांनीच वाढलं. फोन कुणी उचलत नाही म्हणून घाबरलेली बायको ऑफिस सोडून धापा टाकत दारात आली, तेव्हा तिला दिसलं ते एवढंच, की डोळे तारवटलेल्या सिस्टर जेवतायत, मी जेवतोय आणि तिचे वडील वाढतायत. ती काही विचारणार, तोच नाना म्हणाले, "हात धुऊन ये. आणि ऐक, मी राहतोय. यांच्याकडे लक्ष ठेवायला कुणीतरी घरात हवंच."

मला जे बोलायचं ते ती नंतर बोललीच, पण मध्येमध्ये हसत होती, त्यामुळे मला ते सगळं चाललं.

दुसऱ्या दिवशी सुतार आला. नानांनी त्याला दार धरून दिलं. त्याने भोकात बोट घातलं, मग दोन बोटं, मग मूठ.

"हे कुणी केलं होतं?"

मी छताकडे पाहू लागलो.

"होते एक," नाना म्हणाले.

"त्यांना परत घरात पाऊल ठेवू देऊ नका."

"तेवढं जमणार नाही," नाना म्हणाले. "घर त्यांचंच आहे."

सुताराने सावकाश वळून माझ्याकडे पाहिलं. मी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेलो.