विहीर गाडीतून उतरली तो दिवस

आठ घरांनी जुनं गाव सोडलं तेव्हा त्यांनी आपली विहीर बैलगाडीत घालून सोबत आणली. पाणी आधीच उपसून घेतल्यामुळे ती फार जड नव्हती. दोन बैलजोड्यांत भागलं. जुन्या जागी सपाट जमीन उरली. तिथं दुसऱ्याच दिवशी कोणीतरी म्हैस बांधली.

तिसऱ्या दिवशी दुपारी गाडी नव्या माळावर पोचली. घागरी कोरड्या पडल्या होत्या. मोजणीदार खासनीस साखळी आणि खुंट्या घेऊन सकाळपासून बसले होते. नियम साधा होता. दिवस मावळायच्या आत विहीर जमिनीत बसली तर वस्ती मंजूर, नाहीतर सगळ्यांनी माघारी जायचं.

विहीर उतरेना.

मंडळींचे म्होरके तात्याबा ढेकळे गाडीपाशी गेले. "जागा पसंत नाही का?"

"जागा झकास आहे," विहीर म्हणाली. "पण येसू आणि बायजाचं काय ते आधी मिटवा."

येसूबाई आणि बायजा सख्ख्या जावा. घागरीला पोचा कोणी पाडला यावरून त्यांचं बिनसलं, त्याला अकरा वर्षं झाली होती. तेव्हापासून दोघींचा अबोला.

खासनीसांनी विहिरीचा जबाब लिहून घेतला. "रोज सकाळी दोघी माझ्या काठावर येतात. रहाटाची कुरकुर तेवढी ऐकू येते. इतक्या लांब येऊन पुन्हा तेच ऐकायचं असेल, तर मी गाडीतच बरी."

"सही?" खासनीसांनी विचारलं.

"अंगठा घ्या."

त्यांनी काठाच्या एका दगडाला शाई लावून ठसा उमटवला.

आता सगळे त्या दोघींकडे बघू लागले. ऊन कलायला लागलं होतं. येसूबाईनं पदर सारखा केला, मग पुन्हा सारखा केला.

"बायजे," ती म्हणाली. "पोचा माझ्याच हातून पडला होता."

"ठाऊक आहे. मी बघितलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलत नव्हता, जाऊबाई!"

"मी थोरली! मी कशी आधी बोलू?"

"आणि मी धाकटी! माझी काय टाप?"

आवाज चढले. येसूबाईनं सासूचा विषय काढला, बायजानं येसूबाईच्या माहेराचा. विहीर एका अंगाला कलली, सावकाश खाली उतरली आणि दोघींपासून चार पावलांवर जमिनीत बसली. तात्याबांनी डोळे पुसले आणि बैल सोडले. खासनीसांनी नकाशावर एक गोल काढला.

जरा वेळानं तळाशी पाणी वाजलं. पहिली घागर पोरांतच संपली. दुसरी वर आली.

"आधी तू पी," येसूबाई म्हणाली.

"छे, आधी तुम्ही."

"थोरलीचं ऐकावं माणसानं."

"थोरली बोलली तर ऐकणार ना!"

हे मिटेपर्यंत घागरीला हात कोण लावणार? खासनीसांनी कागदावर 'वस्ती सुरू' असं लिहिलं, खाली वेळ टाकली आणि रिकामं भांडं हातात धरून तेही इतरांसोबत वाट बघत बसले.